डॉक्टरांच्या भिंतीवरचा तक्ता

चहाचा कप मी त्याच्या डाव्या बाजूने पुढे धरला होता आणि तो घेत नव्हता.

"चहा," मी म्हणालो.

"दे ना," तो म्हणाला आणि समोर बघत बसून राहिला.

कप त्याच्या गालापासून वीतभर अंतरावर होता. वाफ गालाला लागत असणार. मग त्याने कोंबडीसारखी मान वळवली, उजवा डोळा कपाकडे आणला आणि हसून कप घेतला. मीही हसलो. पण मी ड्रेसर होतो, रोज माणसांच्या जखमा बघणारा. हसता हसता मी माझा हात हळूच त्याच्या डाव्या डोळ्यासमोर नेला आणि बोटं हलवली. पापणीसुद्धा लवली नाही.

"वारा लागतो," कॅलव्हिन स्ट्रोड म्हणाला. "हात हलवलास की वारा लागतो. कुणाला सांगू नकोस, डामो."

ही १९५४ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट आहे. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. माझगावला गोदीतल्या दवाखान्यात जखमा धुणं, टाके काढणं, पट्ट्या बांधणं हे माझं काम. संध्याकाळी गोदीमागच्या शेडमध्ये खलाशी आणि रेल्वेतले लोक बॉक्सिंग करायचे. त्यांच्या हातांना पट्ट्या बांधायला मी हौसेने जायचो. मनगटाला तीन वेढे, अंगठ्याला एक, मग सांध्यांवर आडवे उभे. माझी बांधलेली पट्टी दहा फेऱ्या सुटत नाही असं नाव झालं होतं.

स्ट्रोड हा अमेरिकेचा. पाच वर्षांपूर्वी लाइट हेवीवेटचा जगज्जेता झाला आणि चौदा महिने राहिला. कोलंबोहून मुंबईला निघताना त्याचा म्हातारा वस्ताद तिकडेच आजारी पडला. मुंबईतल्या सामन्याच्या कंत्राटदाराला पट्टी बांधणारा माणूस हवा होता. कुणीतरी माझं नाव सांगितलं. अशा रीतीने जगज्जेत्याच्या कोपऱ्यात उभा राहणारा माणूस मी झालो. चाळीत मी हे जिन्यापासून गच्चीपर्यंत सांगितलं होतं. शेजारचे तात्या गवाणकर तर बोट पुढे करून म्हणाले, "दाम्या, मलाही एक पट्टी बांध. मेलो तर सांगता येईल, जगज्जेत्याच्या ड्रेसरने बांधलेली आहे."

"डोळा कधी गेला?" मी स्ट्रोडला विचारलं.

"तीन वर्षं झाली. क्लीव्हलंडला. सामना काही मोठा नव्हता, नाव घेण्यासारखा माणूस समोर नव्हता. त्याच्या ग्लोव्हचा अंगठा आत घुसला. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा सुटलाय."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर एकोणीस सामने. पंधरा जिंकलो."

"एका डोळ्याने?"

"एका डोळ्याने आणि दोन कानांनी. रिंगमध्ये राळ टाकतात ना, पाय घसरू नये म्हणून? समोरच्याने पाय टाकला की ती करकर वाजते. डावीकडे वाजली की मी वाकतो."

माझं इंग्रजी दवाखान्यातलं. कुठे दुखतं, किती दिवस झाले, हलू नका. तेवढ्यावर मी बोलायचो. तो म्हणायचा, "डामो, तू बोललास की मला ताप आल्यासारखं वाटतं." पण त्या दिवशी मी जे विचारलं ते त्याला नीट कळलं. "हा उजवाही गेला तर?"

त्याने कप खाली ठेवला.

"माझा बाप पोलादाच्या भट्टीवर कोळसा ओढायचा. मीही ओढला, सहा वर्षं. तिथे मला कुणी नावाने हाक मारली नाही. अरे, ए, इकडे ये, एवढंच. पहिल्यांदा माझं अख्खं नाव मी ऐकलं ते रिंगमधल्या माणसाच्या तोंडून. पिट्सबर्गचा कॅलव्हिन स्ट्रोड. तो माणूस नाव घेतो ना, तेवढा वेळ मी असतो. बाकीचा वेळ मी कुठे असतो मला माहीत नाही." मग म्हणाला, "इथे जिंकलो, मनिलाला जिंकलो, की माझं नाव पुन्हा यादीत येईल. मला एकच संधी हवी आहे, पुन्हा एकदा विजेतेपदासाठी."

सामना रविवारी होता. त्याआधी शुक्रवारी डॉक्टरची तपासणी होती. डोळे तपासल्याशिवाय दाखला मिळणार नव्हता. तपासणार होते आमच्याच दवाखान्याचे डॉक्टर सिधवा.

"अमेरिकेत सगळीकडे अक्षरांचा एकच तक्ता असतो," स्ट्रोड म्हणाला. "तो मला झोपेत विचार. उजवा डोळा झाकला की मी पाठ म्हणतो. तुझ्या डॉक्टरच्या भिंतीवर कुठला आहे?"

"तो नाही. दुसरा आहे. विलायतेहून आणलेला."

"लिहून आणशील?"

मी त्याच क्षणी नाही म्हणायला हवं होतं. सिधवा डॉक्टरांना सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर सामना झाला नसता, आणि मला त्या कोपऱ्यात उभं राहायचं होतं. रविवारी सगळं माझगाव मला तिथे बघणार होतं. हे मी आज लिहितोय तेवढं सरळ तेव्हा मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं.

बुधवारी दवाखाना बंद होताना मी तक्ता कागदावर उतरवून घेतला आणि स्ट्रोडला घरी जेवायला घेऊन आलो. हॉटेलात कंत्राटदाराची माणसं असायची, तिथे हे काम करता येण्यासारखं नव्हतं.

आमची खोली पहिल्या मजल्यावर. जिना लाकडी, संध्याकाळी अंधारा. चढताना तो पुटपुटत होता. कुमुद, माझी बायको, दारात उभी होती. तिने मला मराठीत विचारलं, "हे मोजतायत कशाला?"

"काय मोजतोय?"

"पायऱ्या. एकोणीस म्हणाले आत्ता."

मी म्हणालो, "सवय असेल."

कुमुद म्युनिसिपालिटीच्या शाळेत पहिलीला शिकवायची. लग्नाला दोन वर्षं झाली होती. इंग्रजी तिचं माझ्यापेक्षा चांगलं. स्ट्रोडला ती मिस्टर स्ट्रोड म्हणायची आणि माझ्याशी बोलताना "तुमचे पैलवान". बांगड्याचं तिखलं त्याने नाकातून पाणी काढत खाल्लं आणि पुन्हा मागितलं. कुमुद म्हणाली, "विचारा त्यांना, मार जास्त लागतो की हे?" मी विचारलं. तो म्हणाला, "माराला दर तीन मिनिटांनी घंटा असते."

जेवण झाल्यावर मी कागद काढला. तो म्हणायचा आणि चुकायचा. तिसऱ्या ओळीपर्यंत यायचा आणि त्याचा जुना अमेरिकेतला तक्ता मध्ये घुसायचा. चार वेळा झालं, पाच वेळा झालं. कुमुद भांडी आवरत ऐकत होती. शेवटी पदराला हात पुसत आली.

"असं नाही पाठ होत," ती म्हणाली. "पाढ्यासारखं म्हणायचं. माझी मुलं सहा वर्षांची आहेत, त्यांना येतं." आणि मांडीवर ठेका धरून तिने त्याला म्हणायला लावलं. एच. टी एन. ए व्ही ओ. एल झेड पी डी. आर के ई यू एफ. ओळ संपली की एक टाळी. तो एवढा मोठा माणूस, सतरंजीवर मांडी घालून, बे एके बेच्या चालीत अक्षरं म्हणत होता. गॅलरीतून शेजारची मुलं डोकावून हसायला लागली. अर्ध्या तासात त्याला सगळा तक्ता येत होता, वरून खाली आणि कुठल्याही ओळीपासून. तिलाही येत होता. मलाही.

त्याला खाली सोडून मी वर आलो तेव्हा ती तशीच बसली होती.

"कसली परीक्षा आहे ही?"

"डॉक्टरची."

"त्यांना दिसत नाही?"

"एका डोळ्याने नाही दिसत. दुसरा ठणठणीत आहे."

"अहो, मग दुसऱ्याला लागलं तर?"

"नाही लागणार. जगज्जेता आहे तो."

"मला आधी सांगायचं होतं तुम्ही," ती म्हणाली. "मी शिकवलं त्यांना. मी." मग तिने विचारलं, "तुमच्या खांद्यावर टॉवेल असतो ना? तो टाकला की मारामारी थांबते म्हणालात."

"हो."

"मग त्यांच्या चांगल्या डोळ्याला जरा जरी काही झालं, तरी तुम्ही टाकायचा. ते नको म्हणाले तरी. मला शब्द द्या."

मी शब्द दिला.

शुक्रवारी डॉक्टर सिधवांनी त्याची छाती ठोकून बघितली, नाडी बघितली. "दामू, हा माणूस नाय, घोडा आहे," ते म्हणाले. मग छडी घेऊन तक्त्याजवळ उभे राहिले. आधी डावा डोळा झाकायला सांगितला. उजव्याने त्याने धडाधड वाचलं. मग उजवा झाकायला सांगितला. पहिल्या ओळीला डॉक्टरांनी छडी टेकवली, टक आवाज झाला, तो म्हणाला, "एच." टक. "टी एन." तक्ता पत्र्यावर चिकटवलेला होता, प्रत्येक ओळीला आवाज येत होता. मी पाठीमागे उभा होतो. त्याचा पाय कुमुदच्या ठेक्यावर हलताना मला दिसत होता. चौथ्या ओळीला तर त्याची चालच लागली.

"अरे, गातो काय?" डॉक्टर म्हणाले.

"लहानपणी चर्चमध्ये गायचो, डॉक्टर."

सिधवा खूश झाले. त्यांनी सही केली. दाखला मीच वाळवून, घडी करून त्याच्या खिशात ठेवला.

रविवारी पाच वाजता सामना सुरू झाला. मैदानावर तात्पुरती रिंग बांधली होती, तीन बाजूंनी बाकं आणि चौथ्या बाजूला पत्र्याचं कुंपण. ऊन अजून होतं. कुमुद चाळीतल्या मंडळींबरोबर आली होती, दुसऱ्या रांगेत बसली होती. मी आदल्या दिवशी दोन शेर राळ कुटून घेतली होती आणि माझ्या हाताने रिंगमध्ये पसरली होती. समोरचा होता खडकीचा मिलर, रेल्वेत फायरमन, सत्तावीस वर्षांचा. त्याचा उजवा हात लांब होता. म्हणजे सगळं स्ट्रोडच्या डाव्या, आंधळ्या बाजूनेच येणार होतं.

पहिल्या पाच फेऱ्या स्ट्रोड असा लढला की त्याला मागूनसुद्धा दिसतं असं लोकांना वाटावं. राळ करकरली की तो वाकायचा, मिलरचा हात डोक्यावरून जायचा आणि स्ट्रोडची बुक्की बरगड्यांवर बसायची. तात्या गवाणकर बाकावर उभे राहून ओरडत होते, "दाम्या, पट्टी सुटली नाही रे!" मी हात वर करून त्यांना दाखवला. मला वाटलं, झालं, जिंकलो.

पण लोक ओरडायला लागले तसं राळेचा आवाज येईना. सहाव्या फेरीत तीन उजवे हात सरळ त्याच्या तोंडावर बसले. सातव्या फेरीत मिलरचा ग्लोव्ह त्याच्या उजव्या डोळ्याखालून घासत गेला.

तो स्टुलावर बसला तेव्हा मी बघितलं. भुवईला काप असता तर मी अर्ध्या मिनिटात रक्त बंद केलं असतं. हा काप पापणीच्या कडेला होता आणि बुबुळ लाल झालं होतं. डोळा मिटत चालला होता. मी सूज उतरवायचं थंड लोखंड दाबून धरलं.

"बोटं किती?" मी विचारलं.

"किती फेऱ्या राहिल्या?"

"तीन. बोटं किती?"

"मी पुढे आहे?"

"आहेस. कॅलव्हिन, बोटं किती?"

"मग टॉवेल खांद्यावर राहू दे," तो म्हणाला. "डामो, मी पुढे आहे."

टॉवेल माझ्या खांद्यावर होता. मी मागे वळून बघितलं. कुमुद उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावरून काय ते कळत होतं, तिला ओरडायची गरज नव्हती. मी टॉवेल खांद्यावरून काढला. तिला वाटलं असेल, आता टाकणार. मी त्याची घडी केली आणि पाण्याच्या बादलीखाली ठेवली, म्हणजे पटकन हाताला लागू नये.

घंटा झाली.

पुढच्या तीन फेऱ्या मला सांगता येणार नाहीत. तो मिलरला मिठी मारून त्याच्या अंगावर लोंबकळत राहिला, ढकललं की पुन्हा शोधून मिठी मारत राहिला. लोक हसायला लागले होते. पण पहिल्या पाच फेऱ्यांचे गुण एवढे होते की शेवटी तो जिंकला. पंचाने त्याचा हात वर केला. माइकवरच्या माणसाने नाव घेतलं. माजी जगज्जेता, अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा, कॅलव्हिन स्ट्रोड. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. स्ट्रोडने दोन्ही हात वर केले, वळला आणि मान लववून लववून नमस्कार करत राहिला. पत्र्याच्या कुंपणाला. त्या बाजूला एकही माणूस बसलेला नव्हता.

मी आत गेलो, त्याच्या कमरेला हात घातला, स्टुलावर आणून बसवलं. तो हसत होता. दातांत रक्त होतं.

"ऐकलंस नाव?" तो म्हणाला. "छान घेतलं. आता पट्टी काढ, मला बघू दे."

"कुठली पट्टी?"

"डोळ्यावरची. उजव्या. तू बांधलीस ना आत्ता?"

मी पट्टी बांधली नव्हती. मी माझा तळहात त्याच्या डोळ्यावर ठेवला आणि म्हणालो, "राहू दे अजून थोडा वेळ."

इस्पितळात तो बारा दिवस होता. मी एकदाही गेलो नाही. कुमुद रोज शाळा सुटल्यावर जायची. बोटीवर सोडायलाही तीच गेली. बोटीच्या शिडीला पायऱ्या किती हे त्याने तिला विचारलं, म्हणून ती आधी एकटी वर जाऊन मोजून आली. बत्तीस. मग तो हात सोडवून घेऊन एकटा चढला. हे तिने मला घरी येऊन सांगितलं. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. कामावर जात नव्हतो, जेवत नव्हतो. टॉवेलाबद्दल तिने मला त्या दिवशी विचारलं नाही, पुढेही कधी विचारलं नाही.

मी तिला म्हणालो, "पुन्हा माझ्या माणसाचे डोळे गेलेले मला बघावे लागले तर मी सरळ गोदीत उडी टाकीन. खरं सांगतो, कुमुद. मला नाही सहन होणार."

"असं बोलू नये," ती म्हणाली आणि माझ्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

मी शेडमध्ये जाणं सोडलं. डॉक्टर सिधवा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खोलीतला तक्ता मी मागून घेतला आणि घरी आमच्या भिंतीवर लावला. दसऱ्याला लोक आपापली हत्यारं पुजतात. मी माझी कात्री, चिमटा आणि तो तक्ता पुजायचो, आणि पूजा झाली की दाराजवळच्या खुर्चीत बसवून कुमुदचे डोळे तपासायचो. दरवर्षी. चाळीतले लोक हसायचे. ती एक डोळा तळहाताने झाकून वाचायची, मग दुसरा झाकून वाचायची. एच. टी एन. ए व्ही ओ. मी म्हणायचो, शाबास. वर्षभर मला बरं वाटायचं. मूलबाळ आम्हाला झालं नाही. दोघंच होतो.

अशी पस्तीस-छत्तीस वर्षं गेली. ती निवृत्त झाली, मी निवृत्त झालो. म्हातारपणी ती म्हणायला लागली, पेपर तुम्हीच वाचून दाखवा, तुमच्या आवाजात ऐकायला बरं वाटतं. मला बरं वाटायचं. मी बातम्या, भविष्य, जाहिराती, सगळं वाचायचो. मिठाचा डबा मी दुसरीकडे ठेवला तर मात्र चिडायची. चहाचा कप द्यायला गेलो तर म्हणायची, ठेवा तिथे स्टुलावर, गरम आहे.

१९९० साली त्या जुन्या तक्त्याला कसर लागली. कोपरे खाल्ले, मधली ओळ खाल्ली. मी भायखळ्याच्या एका चष्मेवाल्याकडून नवा आणला आणि त्याच खिळ्याला अडकवला. दसऱ्याला झेंडूचा हार कात्रीला गुंडाळत मी तिच्याकडे पाठ करून बसलो होतो. "हं, म्हण," मी म्हणालो. तिने म्हटलं. मी म्हणालो, शाबास. पुढच्या वर्षीही तसंच.

त्याच वर्षी, दसऱ्यानंतर महिन्याभराने, चाळीच्या जिन्याचं काम निघालं. सकाळी सुतार आले होते. दहाच्या सुमाराला कुमुद भाजीला म्हणून निघाली. मी पेपर वाचत होतो. तिची पावलं नेहमीसारखी जिन्यावर वाजत गेली, एका लयीत, आणि मध्येच आवाज झाला. डोकं खालच्या फरशीवर आपटलं होतं. मी खाली पोचलो तेव्हा तात्यांची सून तिला धरून बसली होती. मी पदर फाडून पट्टी बांधली. मनगटाची नाडी बघितली, मानेची बघितली. पट्टी सुटली नाही, पण ती दुपारपर्यंत गेली.

लोक म्हणाले, चक्कर आली असेल. मीही तेच म्हणालो. दिवसवार झाले. चौदाव्या दिवशी घरात कुणी नव्हतं. मला तो तक्ता भिंतीवर नको वाटला. काढायला म्हणून खुर्ची ओढली, तिची दाराजवळची खुर्ची, आणि दम लागला म्हणून आधी तिच्यावर बसलो. भिंतीकडे बघितलं.

पहिल्या ओळीत बी होता. दुसऱ्या ओळीत एस आणि सी. तिसऱ्या ओळीत वाय, एम, जी.

एच कुठेच नव्हता. पहिल्यांदा मला वाटलं, माझेच डोळे गेले. मी उठून जवळ गेलो, अक्षरांवर बोट फिरवलं. नवा तक्ता. तो मीच आणला होता, मीच लावला होता, आणि त्यावर काय लिहिलंय हे दोन वर्षांत एकदाही वाचलं नव्हतं. ती जुनाच म्हणत होती. दोन दसरे. एच, टी एन, ए व्ही ओ, त्याच चालीत. आणि मलाही तोच पाठ होता, म्हणून मी तिच्याकडे पाठ फिरवून बसलो होतो आणि शाबास म्हणत होतो.

त्याआधी किती वर्षं ते मला माहीत नाही. आता विचारायला कोणी नाही. तिच्या कपाटात साड्यांखाली इस्पितळाची एक चिठ्ठी सापडली. काचबिंदू. तारीख पुसलेली होती. त्या वेळी मला सांगितलं असतं तर औषधाने डोळे थोडे वाचले असते, असं नंतर एका डॉक्टरने मला सांगितलं. मी तिला गोदीत उडी टाकीन म्हणालो होतो. तिने ते लक्षात ठेवलं आणि जिना मोजायला शिकली.

तरी तेही मी सोसलं असतं. माणूस सोसतो. पण ती पडली त्या सकाळी सात वाजता मी दूध आणायला खाली गेलो होतो. सुतारांनी जिन्याच्या खालून सहाव्या पायरीची फळी काढून भिंतीला उभी करून ठेवली होती. मी कठडा धरून, लांब पाय टाकून ती जागा ओलांडली. वर येतानाही ओलांडली. दूध तापायला ठेवलं, पेपर उघडला, आणि तिला पहिल्या पानावरच्या बातम्या वाचून दाखवल्या. फळीचं काही बोललो नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं? एवढं मोठं भोक, सकाळचं ऊन थेट त्यातून खाली पडलं होतं. कुणालाही दिसलं असतं.